तक्त्यातला गुणक आणि मॅन्युअलमधलं सूत्र

"ताई, ग्रोमॅक्सच्या मॅन्युअलमध्ये डायहेड्रलच्या सूत्रात अर्धा नाहीये. मग आपण दोननं का गुणलंय?"

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी आमच्या लॅबमध्ये आलेल्या मुलीनं हा प्रश्न विचारला, तेव्हा माझं पोस्टर छापायला गेलं होतं. पोस्टरवरचा मुख्य निष्कर्ष असा होता की माझ्या रेणूची शेपटी प्रथिनाच्या खोबणीत शिरल्यावर एकाच मांडणीत अडकून राहते, वळतच नाही. आलेख सुंदर होता. सर खूश होते. आणि तो निष्कर्ष माझ्या एक्सेल शीटमधल्या एका रकान्यातून आला होता, निसर्गातून नाही.

या ब्लॉगवर मी सहसा एखादी पद्धत समजावून सांगते. आज मात्र टीका करायची आहे. पहिली टीका, प्रत्येक लॅबमध्ये सीनिअरकडून ज्युनिअरकडे पोचणाऱ्या त्या एकपानी 'रूपांतराच्या तक्त्या'वर. दुसरी, याच विषयावरच्या एका चांगल्या शोधनिबंधावर, कारण तो वाचून आपण जरा जास्तच निर्धास्त होतो. तुम्ही पीएच.डी.च्या तयारीत असाल आणि पुढे रेणूंचं सिम्युलेशन करणार असाल, तर हा तक्ता तुमच्याही हातात येणार आहे. तो यायच्या आधी हे वाचा.

तक्ता काय सांगतो

आधी थोडी पार्श्वभूमी. फोर्स फील्ड म्हणजे रेणूची ऊर्जा काढण्याची सूत्रं आणि त्या सूत्रांत घालायचे आकडे. आकडे म्हणजे पॅरामीटर. बंध किती ताठ, कोन किती अंशांचा, अणूचा आकार केवढा, त्यावर विद्युतभार किती, वगैरे. चार्म आणि अँबर ही जुनी घराणी किलोकॅलरी आणि अँगस्ट्रॉममध्ये बोलतात. ग्रोमॅक्स आणि ओपनएमएम किलोज्यूल आणि नॅनोमीटरमध्ये. लॅम्प्समध्ये तर एककांची पद्धत तुम्हीच निवडायची. त्यामुळे एका प्रोग्रॅमसाठी तयार केलेले आकडे दुसऱ्यात न्यायचे तर रूपांतर आलंच.

तक्ता म्हणतो: ऊर्जा असेल तर ४.१८४ नं गुणा. लांबी असेल तर १० नं भागा. बंधाचा स्थिरांक असेल तर ८३६.८ नं गुणा. कोनाचा असेल तर ८.३६८ नं.

हे सगळं बरोबर आहे. पडताळून बघा. चार्मच्या टीआयपी३पी पाण्यात ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचा स्थिरांक ४५० किलोकॅलरी प्रति मोल प्रति चौरस अँगस्ट्रॉम आहे. ४.१८४ नं गुणलं की किलोज्यूल झाले. एका चौरस नॅनोमीटरमध्ये १०० चौरस अँगस्ट्रॉम, म्हणून १०० नं गुणलं. आले १,८८,२८०. पण ग्रोमॅक्ससोबत येणाऱ्या चार्मच्या फाईलमध्ये आकडा आहे ३,७६,५६०. बरोबर दुप्पट. ४५० गुणिले ८३६.८ केलं की तोच येतो.

ही दुप्पट कुठून आली? एककांमधून नाही. चार्म आणि अँबर बंधाची ऊर्जा अशी लिहितात:

ऊर्जा = के × ताण × ताण

आणि ग्रोमॅक्स अशी:

ऊर्जा = अर्धा × के × ताण × ताण

'ताण' म्हणजे बंधाची आत्ताची लांबी वजा नैसर्गिक लांबी. ऊर्जा तीच यायला हवी तर ग्रोमॅक्सचा 'के' दुप्पट असायलाच हवा. लॅम्प्स या बाबतीत चार्मच्या बाजूला आहे, त्याच्या 'के'मध्ये तो अर्धा आधीच जिरलेला असतो. ओपनएमएम ग्रोमॅक्सच्या बाजूला.

आजोळी ज्वारी पायलीनं मोजायचे, ते आठवतं. पायली तीच, पण घेणारा शिगोशीग मागायचा आणि देणारा वरून हात फिरवून सपाट करायचा. 'दोन पायल्या' म्हटल्यावर माप कळतं, भरायची रीत कळत नाही. तक्त्याचा दोष नेमका हा आहे. ८३६.८ या एका आकड्यात तीन गोष्टी कोंबल्या आहेत: ४.१८४ आणि १०० ही एककं, आणि २ ही सूत्र लिहिण्याची रीत. तक्ता त्या वेगळ्या करून दाखवत नाही. त्यामुळे पाठ करणाऱ्याला वाटतं की दोननं गुणणं हाही एककाचाच भाग आहे.

मी कुठे घसरले

डायहेड्रल म्हणजे सलग चार अणूंमधला वळणाचा कोन. मधल्या बंधाभोवती रेणू किती सहज फिरतो, ते याच्या पॅरामीटरवर ठरतं. चार्ममध्ये सूत्र आहे: के × (१ + कोसाइन). ग्रोमॅक्समध्येही अगदी तेच. अर्धा इकडेही नाही, तिकडेही नाही. म्हणजे फक्त ४.१८४ नं गुणायचं.

मी बंध आणि कोन आटोपून त्याच ओघात डायहेड्रललाही ८.३६८ लावलं. 'स्थिरांक आहे ना, मग दोन येणारच.'

परिणाम किती मोठा? समजा के १.५ किलोकॅलरी आहे. (१ + कोसाइन) ० ते २ मध्ये फिरतं, म्हणून वळताना ओलांडायचा उंबरठा ३ किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १२.५ किलोज्यूल प्रति मोल. माझ्या चुकीनं तो २५ झाला. ३०० केल्विनला औष्णिक ऊर्जा सुमारे २.५ किलोज्यूल प्रति मोल असते. उंबरठा १२.५ नं वाढला की वळण्याचा वेग ई च्या पाचव्या घातानं, म्हणजे साधारण १५० पटींनी मंदावतो. जी शेपटी नॅनोसेकंदात अनेकदा फिरायला हवी होती, ती जवळजवळ गोठली. आणि मी लिहिलं, 'खोबणीत अडकून राहते'.

आता गंमत बघा. चार्ममध्येच 'इम्प्रॉपर' नावाची दुसरी एक संज्ञा आहे, जी सपाट गट सपाट ठेवते. तिचं सूत्र स्प्रिंगसारखं आहे आणि तिथे अर्धा नाही. ग्रोमॅक्सच्या त्याच प्रकारच्या इम्प्रॉपरमध्ये अर्धा आहे. म्हणजे तिथे ८.३६८ बरोबर. पण अँबरचे इम्प्रॉपर कोसाइनच्या रूपात असतात, तिथे पुन्हा ४.१८४. नाव एकच, गुणक दोन. नावावरून गुणक शोधणारा तक्ता इथे हरतो. सूत्र समोर ठेवणारा विद्यार्थी हरत नाही.

काहीच कोसळलं नाही, हाच धोका

चूक एवढी मोठी होती, मग रन चालला कसा? रनला त्याचं काहीच वाटत नाही. प्रोग्रॅमला एक आकडा दिला, त्यानं तो घेतला. जास्त ताठ रेणूही रेणूच असतो.

काही चुका आरडाओरडा करतात. अणूचा आकार घ्या. चार्मच्या फाईलमध्ये टीआयपी३पीच्या ऑक्सिजनपुढे −०.१५२१ आणि १.७६८२ असे आकडे असतात. पहिला एप्सिलॉन, म्हणजे आकर्षणाची खोली, चार्मच्या रिवाजाप्रमाणे ऋण चिन्हासह. दुसरा आकडा म्हणजे दोन अणूंची ऊर्जा सर्वांत कमी असते त्या अंतराचा निम्मा. ग्रोमॅक्सला हवा असतो सिग्मा, म्हणजे ऊर्जा शून्य होते ते अंतर. म्हणून आधी दुप्पट करा, मग दोनच्या सहाव्या मुळानं, म्हणजे १.१२२५ नं भागा, मग नॅनोमीटर करा: ०.३१५०६. एप्सिलॉनचं चिन्ह काढा आणि ४.१८४ नं गुणा: ०.६३६४. इथे कुणी १.७६८२ ला नुसतं १० नं भागून सिग्मा म्हणून घातलं, तर अणू निम्म्याच्या आसपास आकाराचे होतात. मग पाणी पाण्यासारखं वागत नाही, घनता बघितली की लगेच कळतं.

पण बंधाची चूक? ती गप्प बसते. चारशेपन्नासचे १,८८,२८० केले, दोननं गुणायचं राहिलं, तर बंध निम्मा ताठ होतो आणि त्याची कंपनवारंवारता दोनच्या वर्गमुळानं उतरते. लांबीची सरासरी मात्र जवळजवळ तीच राहते. एवढंच नाही, रनमधली त्या बंधाची सरासरी ऊर्जाही तीच राहते! समविभाजनाचा नियम आठवा: स्प्रिंग कितीही ताठ असो, तिची सरासरी स्थितिज ऊर्जा अर्धा केटी. म्हणजे रन संपल्यावर सरासरी ऊर्जेचा आलेख बघून 'ठीक आहे' म्हणणं ही तपासणीच नव्हे. त्यात बंधांची लांबी शेक किंवा लिंक्सनं बांधून ठेवली असेल तर स्थिरांक वापरलाच जात नाही, चूक फाईलमध्ये तशीच झोपून राहते. पुढे कुणी ती फाईल बंध मोकळे ठेवून वापरली की जागी होते.

जे एकक नाहीच, ते तक्त्यात कुठून येणार

आणखी एक आक्षेप. तक्ता फक्त आकड्यांबद्दल बोलतो. पण फोर्स फील्डमध्ये असे नियमही असतात ज्यांना एककच नाही.

तीन बंधांच्या अंतरावरचे दोन अणू, ज्यांना आपण १-४ जोडी म्हणतो, त्यांच्यातला परस्परप्रभाव अँबर कमी करून मोजतं: विद्युत भाग १.२ नं भागून, लेनर्ड-जोन्स भाग २ नं भागून. ओपीएलएस दोन्ही निम्मे करतं. चार्म सरसकट कमी करत नाही, पण काही अणुप्रकारांसाठी १-४ चे वेगळे आकडे देतं. लॅम्प्समध्ये तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर मूळ सेटिंगनुसार १-४ परस्परप्रभाव शून्य धरला जातो. सगळे आकडे दहा दशांशांपर्यंत बरोबर रूपांतरित करूनही इथे रेणू वेगळाच तयार होतो.

तसंच मिश्रणाच्या नियमाचं. दोन वेगळ्या अणूंचा सिग्मा काढताना अँबर आणि चार्म बेरजेची सरासरी घेतात, ओपीएलएस गुणाकाराचं वर्गमूळ घेतं. आणि अँबरच्या टोपॉलॉजी फाईलमधले विद्युतभार बघून दचकू नका. ते १८.२२२३ नं गुणून साठवलेले असतात.

'पण आता टूल्स आहेत ना?'

आहेत. पार्मएड आणि इंटरमॉल ही दोन नावं लक्षात ठेवा. हातानं एक्सेलमध्ये रूपांतर करण्यापेक्षा ती शंभरपट बरी. आणि त्यांच्यावर विश्वास का ठेवावा, याचं उत्तर देणारा एक शोधनिबंध आहे. मायकेल शर्ट्स आणि सहकाऱ्यांनी तो २०१७ साली जर्नल ऑफ कॉम्प्युटर-एडेड मॉलिक्युलर डिझाइनमध्ये प्रसिद्ध केला. सॅम्पल ५ या अंदाज-स्पर्धेतल्या यजमान-पाहुणा रेणूंच्या अँबर फाईल्स त्यांनी या दोन टूल्सनी ग्रोमॅक्स, लॅम्प्स, डेस्मंड आणि चार्मसाठी बदलल्या. मग एकाच मांडणीची ऊर्जा सगळ्या प्रोग्रॅम्समध्ये काढून संज्ञेगणिक ताडून पाहिली. कटऑफ वगैरे शहाणपणानं निवडलं तर प्रत्येक घटक ०.१ टक्क्याच्या आत जुळला, बहुतेक ठिकाणी त्याहून दहापट चांगला.

निबंधाचं मोठेपण मला त्यापुढच्या भागात वाटतं. उरलेला फरक त्यांनी 'नगण्य' म्हणून सोडला नाही, त्याचा माग काढला. एक मोठं कारण निघालं कूलंबचा स्थिरांक. हो, भौतिकशास्त्राचा स्थिरांक! किलोकॅलरी-अँगस्ट्रॉममध्ये चार्म तो ३३२.०७१६ घेतं. अँबरचा १८.२२२३ चा वर्ग केला की ३३२.०५२२ येतो. ग्रोमॅक्सचा १३८.९३५४५८ त्याच एककांत आणला की ३३२.०६३७. लाखात सहाच्या आसपास फरक. पण विद्युत ऊर्जा −५०,००० किलोज्यूल असेल तर हाच फरक ३ किलोज्यूल होतो, औष्णिक ऊर्जेहून जास्त. आपण सहसा दोन अवस्थांमधला फरक मोजतो, त्यात यातलं बहुतेक वजा होऊन जातं. तरी एवढं कळतं की सगळं बरोबर असतानाही पाचव्या अंकात फरक दिसणार, आणि तो दिसला म्हणून घाबरायचं नाही.

आता माझी तक्रार. हा निबंध आमच्यासारखे विद्यार्थी 'टूल्स जुळतात' एवढंच वाचून बंद करतात, आणि निबंधाची रचना त्या गैरसमजाला थोडी मदत करते.

पहिली गोष्ट, सगळ्या फाईल्स मूळच्या अँबरच्या होत्या. अँबरची सूत्रं साधी आहेत, जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला ती येतात. चार्मचं युरे-ब्रॅडली, त्याचा सीमॅप नावाचा दुरुस्तीचा तक्ता, किंवा ओपीएलएसचे डायहेड्रल ग्रोमॅक्सच्या रायकार्ट-बेलेमान्स रूपात बसवताना १८० अंशांनी बदलणारा कोनाचा आरंभबिंदू, या खऱ्या अडचणींची परीक्षा इथे होत नाही. अँबरवरून मिळालेला दिलासा चार्मच्या फाईलला लावू नका.

दुसरी, टक्केवारी. विद्युत आणि लेनर्ड-जोन्स संज्ञांत पाण्याचा वाटा प्रचंड असतो. टीआयपी३पीच्या हजार रेणूंची ऊर्जा ढोबळमानानं −४०,००० किलोज्यूल. तिचा ०.१ टक्का म्हणजे ४० किलोज्यूल. तुमच्या छोट्या औषधरेणूवरचा एखादा चुकीचा विद्युतभार त्यात आरामात लपेल. लेखकांची बहुतेक जुळणी याहून कितीतरी चांगली आहे, हे खरं. पण '०.१ टक्का' हा निकष आपण आपल्या कामाला लावला, तर तो फार सैल आहे. फरक टक्क्यांत नको, किलोज्यूलमध्ये लिहा आणि २.५ शी ताडून बघा.

तिसरी, जुळणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. मूळ फाईलच चुकली असेल तर टूल ती चूक पाचही प्रोग्रॅम्समध्ये इमानदारीनं पोचवेल.

मग करायचं काय

त्या दुपारी आम्ही दोघींनी जे केलं, तेच सांगते. वीस मिनिटांचं काम आहे.

फक्त आपला छोटा रेणू घ्या. पाणी नको, पेटी नको, कटऑफ नको. त्याची एकच मांडणी घ्या, पण ऊर्जा कमी करून नीट बसवलेली नको. नीट बसलेल्या रेणूत बंधांची ऊर्जा शून्याजवळ असते, कित्येक डायहेड्रल दरीच्या तळाशी असतात, आणि शून्याला दोननं गुणलं तरी शून्यच. म्हणून रेणू मुद्दाम वेडावाकडा करा: बंध ओढा, कोन दाबा, शेपटी पिळा.

याच मांडणीची ऊर्जा मूळ प्रोग्रॅममध्ये आणि नव्या प्रोग्रॅममध्ये काढा, एकही पाऊल पुढे न चालवता. संज्ञेगणिक आकडे शेजारी शेजारी लिहा, एककं एक करा आणि भागाकार करा. वजाबाकी नंतर.

भागाकार बोलतो. बंध किंवा कोनात २ किंवा ०.५ आलं, तर सूत्रातला अर्धा. ४.१८४ आलं, तर एकक राहिलं. १-४ विद्युत भागात १.२ आलं, तर नियम राहिला. विद्युत भागात १.००००६ सारखं काही आलं, तर तो कूलंबचा स्थिरांक, चहा प्यायला जा.

आमचा डायहेड्रलचा भागाकार आला २.०००. मुलगी माझ्याकडे बघत होती आणि मी स्क्रीनकडे.

छापखान्याला फोन केला, पण पोस्टर छापून झालं होतं. सरांना सांगायला गेले तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ती मुलगी कुठेय? तिला बोलव." पाच आठवडे सगळे रन पुन्हा केले. शेपटी खोबणीत छान फिरते. निष्कर्ष आता बराच साधा आहे, पोस्टर करण्याएवढा नाही.

तो तक्ता आम्ही फेकला नाही, बदलला. आता त्यात प्रत्येक संज्ञेपुढे दोन्ही प्रोग्रॅम्सची पूर्ण सूत्रं लिहिली आहेत आणि गुणकाचा रकाना कोरा ठेवला आहे. लॅबमध्ये नवीन येणाऱ्यानं तो स्वतः भरायचा आणि मग त्या मुलीला दाखवायचा. तुमच्या लॅबमध्ये असा तक्ता मिळाला तर पहिल्या दिवशी एवढंच करा: एका ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, यातला दोन कुठून आला?